पाथर्डी फाटा की आडगाव

घर घ्यायचं हे शेखर आणि तेजस्विनीचं दसऱ्यालाच ठरलं होतं. कुठे घ्यायचं, हे मार्च उजाडला तरी ठरत नव्हतं.

शेखर रेल्वेत होता, इगतपुरीच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन. तो आणि त्याचे तीन सहकारी मिळून एका गाडीने जायचे आणि गाडी सकाळी पाथर्डी फाट्यावरून निघायची. तेजस्विनी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये होती. परदेशी जाणारा माल तपासायचं काम तिचं, आणि या हंगामापासून त्या विभागाची प्रमुखही तीच. तिला न्यायला पॅकहाऊसची गाडी द्वारका चौकात यायची. दोघांचा रस्ता एकच, मुंबई-आग्रा हायवे. फक्त तो एका दिशेला जायचा आणि ती बरोबर उलट्या. लग्न झालं तेव्हा दोघांनाही मधलं म्हणून त्यांनी इंदिरानगरला भाड्याचं घर घेतलं होतं. शेखरचे वडील गेल्यावर त्याची आई सगुणाबाई घोटीजवळच्या गावाहून तिथेच राहायला आली होती.

दसऱ्याला घरमालक रंगनाथकाका वर आले आणि अवघडून म्हणाले, "मुलगा पुण्याहून परत येतोय. जूनच्या आत खाली करता आलं तर बघा." त्या संध्याकाळीच शेखर म्हणाला होता, "आता पुन्हा भाड्याचं कशाला? स्वतःचंच घेऊ." तेजस्विनीला आनंद झाला होता. दुकानात उभं राहून भिंतींचे रंग बघायचे, स्वयंपाकघरात ओटा आपल्या उंचीचा करून घ्यायचा, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं होतं.

मग रविवार सुरू झाले.

कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरभर रस्ते खोदलेले होते. कुठेही जायचं तर आधी कुठला रस्ता बंद आहे ते विचारून निघावं लागे. धूळ खात जायचं, बिल्डरच्या ऑफिसात थंडगार एसीत बसून कागदी कपातलं पाणी प्यायचं, नकाशे बघायचे, सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या फळांच्या टोपलीशेजारून फिरायचं आणि परत यायचं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्यांना सांगत, "हा एरिया आता डेव्हलप होतोय." एका ठिकाणी तर समोर नांगरलेलं शेत होतं आणि शेतात गाय बांधलेली होती.

पाथर्डी फाट्याकडे गेले की शेखर खुशीत असे. तिथे पाण्याचा दाब चांगला असे, लिफ्ट गुळगुळीत असे, शेजारी सभ्य वाटत. द्वारकेपलीकडे आडगावकडे गेले की त्याला काही म्हणता काही पटत नसे. एका घराला ऊन फार होतं, एका ठिकाणी हायवेचा आवाज होता, आणि एका बिल्डिंगच्या गच्चीवर उभा राहून तो म्हणाला, "इथे वारा फार आहे."

"वारा फार आहे म्हणून घर घ्यायचं नाही?" तेजस्विनीने विचारलं.

"मी फक्त सांगतोय."

तीही काही कमी नव्हती. पाथर्डी फाट्याच्या घरांमध्ये तिला बाथरूम अंधारी दिसायची, पार्किंग चिंचोळं दिसायचं. दोघंही घर बघत नव्हती, आपापला रस्ता बघत होती. पण तसं कुणी म्हणत नव्हतं, आणि घरी परतताना गाडीत ओल, दिशा आणि गॅलरीची रुंदी यांवर वाद चालायचे. सगुणाबाई मागच्या सीटवर बसून असायची. दोघांपैकी कुणाला मुद्दा कमी पडला की ते तिचं नाव घेत. "आईला इथे करमणार नाही," असं शेखर आडगावला म्हणायचा. "आईंना ही गर्दी झेपणार नाही," असं तेजस्विनी फाट्यावर म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटी ललित नावाच्या एजंटने पाथर्डी फाट्याजवळ एक फ्लॅट दाखवला. सातवा मजला, पूर्वेला गॅलरी, बांधकाम पूर्ण झालेलं. शेखरला तो दारातूनच आवडला. तो हॉलच्या भिंतींवर बोटांनी टकटक करत फिरू लागला. तेजस्विनी स्वयंपाकघरात उभी होती. हंगामाचा ऐन भर होता आणि त्या आठवड्यात ती रोज द्वारकेच्या चौकात अडकली होती. तिने ललितला विचारलं, "इथून द्वारकेला सकाळी किती वेळ लागतो?"

ललित चांगल्या स्वभावाचा, तोंडभर हसणारा मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, त्याचं टेन्शनच नका घेऊ. सर म्हणाले ना, तुमचं जॉबचं आता वर्ष-दोन वर्षांचंच आहे. पुढे फॅमिली वाढली की हा एरिया एकदम बेस्ट. शाळा तर चालत आहे."

तेजस्विनी नळाकडे बघत राहिली. नळावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. हॉलमधून शेखरचा आवाज आला, "तेजू, इकडे ये, ही खिडकी बघ."

ती गेली. तिने खिडकी बघितली.

परत येताना सगुणाबाई म्हणाली, "घर चांगलं हाय. पण लयच वर हाय." तिला कुणी उत्तर दिलं नाही. शेखर टोकन कधी द्यायचं त्याबद्दल बोलत होता आणि तेजस्विनी बाहेर बघत होती.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. शेखर ओट्यापाशी आला तेव्हा तिने विचारलं, "शेखर, माझी नोकरी किती दिवसांची आहे?"

"म्हणजे?"

"तू ललितला सांगितलंस. मलाही सांग."

शेखरला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण आलं आणि लगेच गेलंही. "अगं, सहज बोलण्यात आलं. तो विचारत होता दोघं कुठे जाता म्हणून."

"सहज असं कसं बोलण्यात येतं?"

"तूच म्हणाली होतीस. गेल्या एप्रिलमध्ये. घरी आलीस, पिशवी टाकलीस आणि म्हणालीस, आता हे नको झालंय मला."

ती तसं म्हणाली होती, हे खरं होतं. ते त्याने जपून ठेवलं होतं, याचंच तिला जास्त लागलं. "एप्रिलमध्ये, हंगामाच्या शेवटी, पॅकहाऊसमधलं प्रत्येक माणूस तसं म्हणतं," ती म्हणाली. "तूही म्हणतोस, रविवारची ड्यूटी लागली की. म्हणून मी काय तुला रिटायर धरून घर शोधलं?"

"तसं नाही गं."

"बँकेत कर्जाची चौकशी केलीस तेव्हा माझा पगार धरलास. तो पुढच्या वीस वर्षांसाठी धरलास. तिथे नाही सांगितलंस वर्ष-दोन वर्षं म्हणून."

शेखर गप्प झाला. गप्पच राहिला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "शेवटी मूल झालं की कुणाला तरी घरी थांबावंच लागणार ना?"

"कुणाला तरी म्हणजे मला."

बाहेरच्या खोलीत सगुणाबाईने टीव्हीचा आवाज बंद केला. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही बोलणं थांबवलं. चहा उतू गेला होता. तेजस्विनीने शेगडी पुसली आणि पुसता पुसता म्हणाली, "यापुढे मी तुझ्याबरोबर घर बघायला येणार नाही."

ती खरंच गेली नाही. मार्चपासून तिची सुट्टी रविवारऐवजी बुधवारी झाली होती. त्या दिवशी ती स्कूटरवर एकटी आडगावकडे जाऊ लागली. पण तिथेही गंमतच होती. तिने खांबांबद्दल विचारलं तर एजंट नकाशा गुंडाळत म्हणायचा, "सर कधी येतील?" तिने सोसायटीच्या पाण्याबद्दल विचारलं की, "ते टेक्निकल आपण सर आल्यावर बघू." एकाने तर तिचा नंबर लिहून घेतला आणि संध्याकाळी फोन केला, तो शेखरला. ऑफिसातल्या मुलीने फॉर्मवर दोघांचे नंबर मागितले होते, त्यातला त्याने शेखरचा निवडला. शेखरने फोन तिच्या हातात दिला. तो हसू आवरत होता. तिला तेव्हा फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

पुढच्या बुधवारी ती निघाली तेव्हा सगुणाबाई पायात चप्पल घालून दारात उभी होती. "मी येते."

"आई, ऊन आहे. स्कूटरवर त्रास होईल."

"हू दे."

आडगावचं ते घर पाचव्या मजल्यावर होतं आणि नेमकी वीज गेली होती. सुरक्षारक्षक म्हणाला, जनरेटर अजून बसायचाय. सगुणाबाई जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली आणि गुडघे चोळू लागली.

"आई, राहू दे. आपण परत जाऊ."

"बस जरा," सगुणाबाई म्हणाली. तेजस्विनी शेजारी बसली. जिन्यात सिमेंटचा वास होता. खाली कुणीतरी फरशी कापत होतं, तो आवाज थांबल्यावर सगुणाबाई बोलली. "तुमी दोघं माझं नाव पुढं करता. आईला हितं करमंल, तितं नाय करमणार. मला एक डाव तरी इचारलं का?"

तेजस्विनी पायरीवरची धूळ हाताने पुसू लागली.

"मी दिवाळीतच म्हणले होते, मला खालचं घर पायजे. लय तर पहिला मजला. शेखरला म्हणले, तुला बी म्हणले. तू मोबाइलमधी बघत होतीस. त्यानं मला लिफ्ट दाखवली."

"हो, तुम्ही म्हणाला होतात," तेजस्विनी म्हणाली. तिला ते आता आठवलं.

"माझ्या गुडघ्याचं कोनी ऐकना. तुझ्या नोकरीचं तो ऐकना. त्याचं तू ऐकती का, मला ठावं नाय. मंग आपण रोज हिंडतो कशापायी?"

सगुणाबाईच्या बोलण्यात तिला आधार वाटला असं काही नव्हतं. उलट ती आणखी वैतागली, कारण आतापर्यंत घर दोघांच्या मधे अडकलं होतं, ते आता तिघांच्या मधे अडकलं. वरचा फ्लॅट न बघताच दोघी खाली उतरल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अवकाळी पावसाचा अंदाज आला आणि पिंपळगावात सगळ्यांची धांदल उडाली. शेतकरी माल लवकर काढू लागले. पॅकहाऊसबाहेर टेम्पोंची रांग लागली. अशात एका सकाळी तेजस्विनीला न्यायची गाडी बंद पडली. शेखरला त्या दिवशी सुट्टी होती. झाल्या प्रकारानंतर दोघांत कामापुरतंच बोलणं होतं, पण ती रिक्षा शोधत खाली उभी असलेली त्याला वरून दिसली. तो गाडीची किल्ली घेऊन उतरला.

द्वारकेला ते नेहमीसारखे अडकले. खोदलेल्या रस्त्यावरून एकच गाडी जाईल एवढी जागा, आणि समोर ट्रक. शेखर हॉर्न वाजवत राहिला. तेजस्विनीने डबा उघडून पोळीचा रोल खाऊन घेतला.

"तू इथे रोज खातेस?" त्याने विचारलं.

"इथे वेळ मिळतो."

पॅकहाऊसला तिला सोडून तो लगेच परत जाणार होता. पण टेम्पोंच्या रांगेत त्याची गाडी अशी अडकली की निघणंच होईना. मग तो आत आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्याने तिची काम करायची जागा आतून पाहिली नव्हती. त्याच्या डोक्याला कुणीतरी टोपी घातली आणि काचेच्या भिंतीजवळच्या स्टुलावर बसवलं. आत थंड होतं. लांबच लांब टेबलांवर बायका घडांमधले खराब मणी कात्रीने काढत होत्या.

टेबलाच्या टोकाशी वादावादी चालली होती. मल्हारी नावाच्या बागायतदाराचा माल होता. पावसाच्या भीतीने त्याने बाग थोडी आधीच खुडली होती. तेजस्विनीने वेगवेगळ्या क्रेटमधले मणी घेऊन गोडी तपासली, मग पुन्हा तपासली आणि म्हणाली, "दादा, निम्मा माल जाईल. बाकीचा अजून तयार नव्हता."

"ताई, पाऊस आला तर मी काय करू? बागेत कुजू देऊ?"

"तुम्ही खुडला ते बरोबरच केलं. पण हा कंटेनरमध्ये घातला तर तिकडून सगळा कंटेनर परत येईल. त्यात दुसऱ्यांचाही माल आहे. हा मी इथल्या बाजारासाठी बाजूला काढते, आजच उचलायला सांगते."

मल्हारीने पॅकहाऊसच्या मालकाला फोन लावला आणि फोन तिच्या हातात दिला. शेखरला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तेजस्विनी ऐकत होती. मग ती म्हणाली, "शेठ, सही माझी जाणार आहे ना? मग माल मी ठरवते. तुम्हाला घालायचाच असेल तर येऊन तुम्ही सही करा." तिने पलीकडचं पुन्हा ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि फोन परत दिला. मल्हारी चिडलेलाच होता. पण त्याने स्वतः क्रेट उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली, आणि तीही वाकून त्याला हात लावू लागली.

शेखर दुपारपर्यंत तिथेच थांबला. त्याची गाडी कधीच मोकळी झाली होती. तिचं काम संपायला संध्याकाळ होणार होती, म्हणून तो गावात जाऊन जेवला, गाडीत झोपला आणि तिला घेऊनच निघाला.

परतताना आडगाव मागे पडलं. द्वारकेजवळ पुन्हा गाड्या थांबल्या, तेव्हा शेखर म्हणाला, "पाथर्डी फाटा नको."

तेजस्विनीने त्याच्याकडे पाहिलं.

"मी ललितला जे बोललो ते चुकून नव्हतो बोललो. मला खरंच तसं वाटत होतं. तुला सांगणं टाळत होतो, म्हणून त्याला बोललो."

माफी मागितली असती तर ती तिला पुरली नसती. हे निदान खरं होतं. "आणि आता काय वाटतं?" तिने विचारलं.

"आता माहीत नाही. मूल झाल्यावर काय करायचं ते तेव्हा बघू, दोघं मिळून. पण घर त्यावर ठरवायचं नाही." मग तो म्हणाला, "पण आडगावही नको हं. पहाटे हा चौक ओलांडून उलटा फाट्यावर जायचं म्हणजे मला चारला उठावं लागेल."

तेजस्विनीला हसावं की चिडावं ते कळेना. ती चिडली. "मग कुठे? गोदावरीच्या पात्रात?"

"ओरडू नकोस ना. मलाही कळत नाहीये."

"आणि आईंना पहिल्या मजल्याच्या वर नको आहे. तुला माहीत आहे?"

"लिफ्ट असते ना."

"वीज जाते, शेखर. त्यांना विचार तरी एकदा."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढची जागा मोकळी झाली होती.

त्याच आठवड्यात शेखर रंगनाथकाकांकडे महिनाभर मुदत मागायला गेला. काका म्हणाले, मुदत घ्या, पण मागच्या गल्लीत सावळीराम म्हणून माझे मित्र आहेत, त्यांना पहिल्या मजल्यावरचं घर विकायचंय, ते तरी बघा. "दिवाळीतच सांगणार होतो, पण तुम्हाला नवीन बिल्डिंग हवी होती."

तिघं संध्याकाळी चालत गेले. बिल्डिंग जुनी होती, लिफ्ट नव्हती, गाडी रस्त्यावरच लावायची. खोल्या आत्ताच्या भाड्याच्या घरापेक्षाही लहान होत्या. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडत होती, तिथे दिवसाही दिवा लागणार होता. तेजस्विनीने हे सगळं पाहिलं. चार महिने हिंडून शेवटी हे. सावळीरामांनी सांगितलेला आकडाही दिवाळीत होता त्याहून वर गेलेला, कारण कुंभामुळे सगळीकडेच भाव चढले होते. शेखरचाही चेहरा उतरला होता. त्याने भिंतीवर टकटक केलं नाही.

सगुणाबाई मात्र जिना उतरून पुन्हा चढून आली. मग गॅलरीत जाऊन खाली बघत राहिली.

"आई, तुम्हाला काय वाटतं?" तेजस्विनीने विचारलं.

"अंधार हाय," सगुणाबाई म्हणाली. "पण चढाय येतं."

त्यांनी ते घर घेतलं. आनंदाने घेतलं असं म्हणता येणार नाही. इथून शेखरचा फाटा होता तेवढाच लांब राहिला आणि तेजस्विनीची द्वारकाही होती तिथेच राहिली. जी वस्ती दोघांनी मधली म्हणून धरली होती, तिथेच दोघं राहिली. ललितचा फोन आला तेव्हा शेखरने त्याला सांगितलं, "मॅडमची नोकरी चालू राहणार आहे, म्हणून ते घर घेत नाही." पलीकडे ललित काहीतरी म्हणाला, त्यावर शेखर म्हणाला, "नाही, नाही. आधी मीच चुकीचं सांगितलं होतं." तेजस्विनी शेजारी बसून लसूण सोलत होती. तिने वर पाहिलं नाही, पण ऐकलं.

मेच्या अखेरीस सामान हललं. गल्ली एवढी जवळ होती की बरंचसं सामान हातगाडीवरून नेलं. कपाट जिन्यात अडकलं आणि ते सोडवताना शेखर हमालावर ओरडला, मग तेजस्विनी शेखरवर ओरडली. ओटा तिच्या उंचीपेक्षा खाली होता, आणि तो बदलायचा म्हणजे आता पुढच्या वर्षीच. पहिल्या सकाळी तिने स्वयंपाकघरात दिवा लावला, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि कणीक भिजवायला घेतली. शेखर अंघोळ करून आला आणि बटाटे चिरायला बसला. चिरताना त्याचं बोट कापलं. तो म्हणाला, दिसत नाही इथे काही. ती म्हणाली, मग उद्या दुसरा दिवा आण.

सगुणाबाई तोवर खाली जाऊन समोरच्या बाईशी कोथिंबिरीच्या भावावरून बोलू लागली होती. तिचा आवाज पहिल्या मजल्यावर स्पष्ट येत होता.